पॉयझन आणि व्हेनम: विषाच्या दोन वाटा

नाग विषारी, कण्हेर विषारी, पावसाळ्यात उगवणाऱ्या काही अळंब्या विषारी आणि कपाशीवर फवारायचे औषधही विषारी. मराठीत या चारही गोष्टींना आपण एकच विशेषण लावतो. इंग्रजीत यासाठी दोन शब्द आहेत: पॉयझन आणि व्हेनम. रोजच्या बोलण्यात इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही त्यांची सरमिसळ करतात आणि नागाला सर्रास ‘पॉयझनस स्नेक’ म्हणतात. प्राणिशास्त्राच्या वर्गात मात्र ही सरमिसळ चालत नाही. विष कोणत्या वाटेने शरीरात आले, यावर ते कोणत्या प्रकारचे असेल, कशासाठी तयार झाले असेल आणि त्यावर उपाय काय करायचा, यांतले बरेच काही ठरते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तर एकाच हंगामात, एकाच रानात दोन्ही प्रकारच्या विषांशी सामना करावा लागतो. म्हणून हा फरक शब्दकोशापुरता ठेवण्यासारखा नाही.

आधी व्याख्या पाहू. जे गिळल्याने, श्वासावाटे आत गेल्याने किंवा कातडीतून शोषले गेल्याने अपाय करते ते पॉयझन. एखादा जीव आपला दात, नांगी किंवा काटा दुसऱ्याच्या अंगात रुतवून जे आत सोडतो ते व्हेनम. पॉयझनला स्वतःचे हत्यार नसते. ते पानात, बीत, बेडकाच्या कातडीत किंवा बाटलीत असते आणि आपण त्याच्या संपर्कात येतो. व्हेनमला तीन गोष्टी लागतात: ते तयार करणारी ग्रंथी, ते आत पोचवणारे अवयव आणि ते वापरणारा जिवंत प्राणी. म्हणून विंचू, गांधीलमाशी आणि घोणस व्हेनमवाले. धोतरा, कण्हेर आणि बचनाग पॉयझनवाले.

शब्दांचा उगम

पॉयझन हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘पोशियो’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ पेय, घोट. जादूच्या गोष्टींत भेटणारा ‘पोशन’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. प्यायची वस्तू, प्यायचे औषध, प्यायचे विष असा त्याचा अर्थ सरकत गेला.

व्हेनम आला लॅटिनमधल्या ‘वेनेनम’ या शब्दावरून. भाषाभ्यासक त्याचा संबंध प्रेमाची देवता व्हीनस हिच्या नावाशी जोडतात. मुळात वेनेनम म्हणजे वशीकरणासाठी द्यायचे औषध. पुढे कोणतेही जालीम औषध आणि शेवटी विष. म्हणजे रोमन लोकांच्या तोंडी या शब्दाचा सापाच्या दाताशी खास संबंध नव्हता. आजचा काटेकोर भेद जीवशास्त्राने नंतर केला.

याच कुळातला तिसरा शब्द टॉक्सिन. ग्रीकमध्ये ‘तोक्सॉन’ म्हणजे धनुष्य, त्यावरून बाणाला लावायच्या विषाचे नाव पडले आणि त्यातून टॉक्सिन. आज सजीवाने तयार केलेल्या विषारी द्रव्याला टॉक्सिन म्हणतात. टॉक्सिन हे द्रव्याचे नाव झाले. ते खाल्ल्याने बाधले तर पॉयझन, दंशातून आले तर व्हेनम.

हल्ल्याचे विष, बचावाचे विष

सापाच्या विषग्रंथी ही मुळात तोंडातल्या लाळेसारखा स्राव करणाऱ्या ग्रंथींचीच बदललेली रूपे. त्यांतला स्राव हे एकच द्रव्य नसून अनेक प्रथिनांचे आणि विकरांचे मिश्रण असते. त्याचे पहिले काम भक्ष्याला जागच्या जागी रोखणे. उंदीर चावल्यानंतर दूर पळाला तर सापाचे जेवण गेले. माणूस हे सापाचे भक्ष्य नाही. तो माणसाला चावतो ते भीतीपोटी, आणि अशा काही दंशांत तो विष सोडतच नाही. याला कोरडा दंश म्हणतात. मंत्राने किंवा पाल्याने ‘उतरलेली’ अनेक विषे मुळात अंगात शिरलेलीच नसतात, हे या कोरड्या दंशांमुळे समजते.

पॉयझन बाळगणाऱ्या जीवाचा हेतू बहुतेक वेळा वेगळा असतो. त्याला कुणाला मारायचे नसते, स्वतःला खाऊ द्यायचे नसते. म्हणून अशा जीवांचे रंग पुष्कळदा भडक असतात आणि चव कडू असते. कोलंबियातला सोनेरी रंगाचा एक छोटा बेडूक, फायलोबेटिस टेरिबिलिस, हा जगातल्या सर्वांत विषारी प्राण्यांपैकी एक. त्याला विषारी दात नाहीत, नांगी नाही; विष कातडीत असते. ते तो रानातल्या खाद्यातून मिळवतो, त्यामुळे बंदिवासात जन्मलेल्या आणि पाळीव किड्यांवर वाढलेल्या बेडकांत ते नसते. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा केंड मासाही याच गटातला. त्याच्या कुळातल्या अनेक जातींच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन साठलेले असते. ते मुळात जीवाणूंकडून आलेले असते आणि शिजवल्याने नाहीसे होत नाही.

या उदाहरणातून दोन्हींच्या रसायनातला फरकही दिसतो. टेट्रोडोटॉक्सिनसारखी पॉयझने बहुधा लहान, टिकाऊ रेणूंची असतात. आतड्यातून रक्तात जाण्याइतकी लहान. व्हेनममधली प्रथिने मोठी असतात. ती पोटात गेली तर पचनरस बहुतांशी त्यांचे तुकडे करून टाकतात. म्हणून त्यांना थेट मांसात किंवा रक्तात पोचवणारी सुई लागते आणि सापाचा पोकळ दात हीच ती सुई. अर्थात हे तत्त्व कुणी आजमावून पाहू नये. तोंडात एखादी जखम किंवा हिरडीला चीर असेल तर तीच वाट पुरते. दंशाची जागा तोंडाने चोखणे घातक मानतात त्याचे हे एक कारण. दुसरे असे की, चोखल्याने विष बाहेर येतच नाही.

निसर्ग आपल्या व्याख्यांना थोडे छेदही देतो. जपानमधला ऱ्हॅब्डोफिस टायग्रिनस हा साप विषारी भेक खातो, त्यांचे विष मानेजवळच्या ग्रंथींत साठवतो आणि शिवाय त्याच्या दंशातही स्वतःचे विष असते. एकाच अंगात पॉयझन आणि व्हेनम दोन्ही. आफ्रिकेतले आणि आग्नेय आशियातले काही नाग शत्रूच्या डोळ्यांवर विषाची चिळकांडी उडवतात. ते रुतवलेलेही नाही आणि गिळलेलेही नाही. अशा विषासाठी शास्त्रज्ञांनी टॉक्संजेन असा तिसरा शब्द सुचवला आहे.

एकच सांधा, चार विषे

पॉयझन आणि व्हेनम यांचे नाते जिथे सर्वांत स्पष्ट दिसते ती जागा आपल्या शरीरात आहे: मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तो सांधा. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत विजेच्या रूपाने येतो. तिथून पुढे तो ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन नेते. हे रसायन म्हणजे निरोप्या. तो स्नायूच्या दारावर थाप देतो, स्नायू आकुंचन पावतो आणि लगेच एक विकर त्या निरोप्याला मोडून टाकते, म्हणजे पुढच्या निरोपाला वाट मोकळी. श्वास घेताना छातीचे स्नायू हलतात ते याच पद्धतीने.

नागाच्या विषातली काही प्रथिने स्नायूच्या दारावर जाऊन बसतात. निरोप्या येतो, पण दार अडलेले असते. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे आणि गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वास थांबतो. मण्यारच्या विषात दार अडवणारी द्रव्ये असतात आणि त्याखेरीज निरोप जिथून निघतो ते मज्जातंतूचे टोकच बिघडवणारीही असतात.

तिसरे द्रव्य दक्षिण अमेरिकेतले क्युरारे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले शिकारी वनस्पतींपासून ते बनवून बाणांच्या टोकाला लावत. तेही नागाच्या विषाप्रमाणे स्नायूचे दारच अडवते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकात बेडकांवर प्रयोग करून दाखवले, की क्युरारेने मज्जातंतू किंवा स्नायू स्वतः मरत नाहीत, त्यांच्यातला संवाद तुटतो. क्युरारेने मारलेल्या प्राण्याचे मांस शिकारी निर्धास्त खात, कारण ते द्रव्य आतड्यातून फारसे शोषले जात नाही. अंगात टोचल्यावर मारणारे असले तरी क्युरारेला व्हेनम म्हणत नाहीत, कारण बाण हा त्या वनस्पतींचा अवयव नव्हे.

चौथे द्रव्य आपल्या रानातले: ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके. ती दार अडवत नाहीत. निरोप्याला मोडणाऱ्या विकरालाच ती निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, घाम आणि डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो, स्नायू फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. नागाच्या दंशात निरोप पोचत नाही म्हणून श्वास थांबतो. फवारणीच्या विषबाधेत निरोपांचा मारा थांबत नाही म्हणून थांबतो. शेवट सारखा दिसला, तरी आतली प्रक्रिया नेमकी उलटी आहे.

उपचारातही ही उलटी जोडी दिसते. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिन देतात. ते छातीतले स्राव आणि मंदावलेली हृदयगती आवरते. हे ॲट्रोपिन धोतऱ्यातही असते, त्या धोतऱ्यात जो आपल्याकडे वेड लावणारे विष म्हणून ओळखला जातो. नागदंशात मुख्य उपचार प्रतिसर्पविषाचा, पण त्याच्या जोडीला काही वेळा निओस्टिग्मिन देतात. निओस्टिग्मिन काय करते? निरोप्याला मोडणाऱ्या विकराला थोडा वेळ रोखते. कीटकनाशक जे बेफाम करते, तेच हे औषध मोजून मापून करते, म्हणजे निरोप्यांची संख्या वाढून काहींना तरी अडलेले दार उघडता यावे. ते देताना जास्तीचा परिणाम आवरायला सोबत ॲट्रोपिन असते. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने मांडले होते, की द्रव्य विष ठरते ते मात्रेमुळे. त्याच्या म्हणण्याला मी एवढेच जोडेन, की मात्रेइतकीच वाटही महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रातले चार साप

आपल्याकडचे सर्पमित्र सापांची विभागणी विषारी, निमविषारी आणि बिनविषारी अशी करतात. हरणटोळ आणि मांजऱ्या हे निमविषारी. माणसांचे सर्वाधिक बळी घेणारे चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांचा मुख्य हल्ला मज्जासंस्थेवर, दुसऱ्या दोघांचा रक्तावर.

मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि घरच्यांना साप चावल्याची शंकाही येत नाही. मज्जातंतूची टोके एकदा बिघडली की प्रतिसर्पविष ती दुरुस्त करू शकत नाही. टोके पुन्हा तयार होईपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. म्हणून जमिनीवर झोपायचेच असेल तर नीट खोचलेली मच्छरदाणी हा साधा उपाय जीव वाचवतो.

घोणस आणि कोकणात मुबलक आढळणारे फुरसे यांच्या विषाने रक्त गोठवणारी द्रव्ये अवेळी कामाला लागतात आणि संपून जातात. त्यानंतर रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्तस्राव होतो. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. हे ओळखायला लहान दवाखान्यातही एक चाचणी करता येते: काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी तिरपी करून पाहायचे. रक्त पातळच राहिले तर विष अंगात आहे.

दंशावरचा नेमका उपाय एकच, प्रतिसर्पविष. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये अल्बेर काल्मेत याने, आणि स्वतंत्रपणे फिसालिक्स आणि बर्त्रां यांनी त्याचा मार्ग दाखवला. घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा टोचत गेले की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी आणि शुद्ध करून रुग्णाला देतात. मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून असलेल्या आणि पुढे हाफकिन यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेने या कामात मोठा वाटा उचलला. लोक या औषधाला ‘सापाची लस’ म्हणतात, पण ते लसीसारखे आधी घेऊन ठेवता येत नाही. लस शरीराला स्वतः प्रतिपिंडे बनवायला शिकवते. इथे ती तयार मिळतात आणि काही दिवसांत संपतात.

भारतातले प्रतिसर्पविष वरच्या चारही सापांवर एकत्र चालते, म्हणून चावलेला साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. त्याला मर्यादाही आहेत. त्यासाठी लागणारे बरेचसे विष चेन्नईजवळच्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेतून येते. ही संस्था १९७८ पासून काम करते आहे. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. तमिळनाडूतल्या घोणशीच्या विषावर बनलेले औषध दुसऱ्या प्रांतातल्या घोणशीवर तितकेच प्रभावी असेलच असे नाही. सह्याद्रीतल्या चापड्यासारख्या सापांच्या विषावर तर आपल्याकडे खास औषधच नाही. प्रदेशनिहाय प्रतिसर्पविष हवे असे संशोधक म्हणतात, ते यामुळेच.

हा प्रश्न केवढा मोठा आहे? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला, आणि २०२४ मध्ये भारत सरकारने मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

ज्याला आपण ‘औषध’ म्हणतो

खेड्यात कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. ‘औषध मारायला गेलाय’ असे म्हणतात. पिकाच्या दृष्टीने ते खरेही आहे, पण त्या शब्दाने भीती पातळ होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्यांनी काही प्यायले नव्हते. विष श्वासातून आणि घामाने ओल्या झालेल्या कातडीतून आत गेले. पॉयझन या शब्दाच्या मुळात घोट असला, तरी त्याला तोंडाचीच वाट लागते असे नाही, हे त्या हंगामाने दाखवून दिले.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक रंगीत चौकोन असतो, त्याचा अर्थ माहीत असलाच पाहिजे. खालचा त्रिकोण लाल असेल तर ते अतिजहाल. त्याच्या वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडांचे चित्र आणि ‘पॉयझन’ हा शब्द असतो. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. पण उरलेले औषध कुणी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले, की हा इशारा नाहीसा होतो आणि घरातले पोर ती बाटली तोंडाला लावते. ते मूळ डब्यातच आणि कुलपात ठेवायला हवे.

आता प्रथमोपचार पाहू. फवारणीच्या विषबाधेत विष अजून अंगावर असते आणि आत जातच असते, म्हणून ती वाट बंद करणे पहिले काम. माणसाला मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढावेत, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. घरी उलटी करवू नये. डबा किंवा वेष्टन सोबत न्यावे, कारण उपचार त्या नावावर ठरतो.

सर्पदंशात विष आधीच आत गेलेले असते. धुऊन, चोखून किंवा चिरा देऊन ते परत येत नाही. तिथे काम असते ते त्याचा प्रवास मंदावण्याचे. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन स्थिर करावा. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत. करकचून दोरी आवळू नये. दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्यावे.

मराठीला हा भेद कळतच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. तो आपण नामात न ठेवता बाकीच्या शब्दांत ठेवला आहे. जेवणातून होते ती विषबाधा, सापाचा असतो तो दंश. विष घेतले जाते, पण साप डसतो. आपल्या प्रथमोपचाराच्या फलकांवर, शाळेच्या पुस्तकांत आणि बातम्यांत हे शब्द नेमकेपणाने वापरले गेले पाहिजेत. ‘विषबाधेने मृत्यू’ एवढेच छापले, तर रानात नेमकी कोणती काळजी घ्यायला हवी होती ते वाचणाऱ्याला समजत नाही. आणि मुलांना एखादी गोष्ट विषारी आहे असे सांगताना एक वाक्य पुढे जोडायलाच हवे: खाल्ली तर, अंगाला लागली तर, की चावली तर. त्या एका वाक्यात ती टाळायची कशी आणि टळली नाही तर पहिल्या काही मिनिटांत करायचे काय, हे दोन्ही येते.